अकराव्या ओळीतली सही

३० एप्रिल २०२३
जेल रोड, नाशिक रोड

शेखर,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही, कारण मी रागात आहे. राग उतरला तर खाली लिहीन.

पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी जगाचे फोन जोडून दिले आणि माझ्या सख्ख्या भाच्याने माझाच नंबर बंद करून ठेवला! काल सोळा वेळा लावला. फोनमधली बाई दर वेळी तेच सांगते. शेवटी मी तिच्यावरच ओरडले. मग म्हटलं, पत्र लिहू. संक्रांतीला तू साडी पाठवली होतीस, तिच्या कुरिअरवर पुण्याचा पत्ता होता. तो कागद मी जपून ठेवला होता म्हणून बरं.

आता सहीचं. मी काय मुद्दाम केलं? आमचं काम कसं चालतं तुला माहीत आहे. पक्षाचं निवेदन आलं की मतदारयादीतलं आपापलं पान घ्यायचं आणि दारोदार जायचं. माझ्या पानावर अठ्ठावन्न माणसं. त्यात अकरावा तू, कारण तुझं नाव अजून आपल्याच घरात आहे. गंगापूर धरणाचं पाणी असो, रेल्वेचा थांबा असो, बोगद्यातला चिखल असो, प्रत्येक निवेदनावर तुझी सही मीच करत आले. दहावीत बँकेच्या खात्यासाठी तुला सही करायला शिकवली कोणी? मीच. तेव्हापासून कधी हरकत घेतली नाहीस.

या वेळचं निवेदन समलिंगी विवाहाला मान्यता देऊ नका असं होतं. सुप्रीम कोर्टात ते प्रकरण चालू आहे ना, त्यावर. मी नेहमीसारखी सही केली आणि पुढच्या दाराला गेले. तीन दिवसांत चारशे बारा सह्या झाल्या, शहरात आपला प्रभाग पहिला आला. त्या आनंदात कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मला काय स्वप्न पडलं होतं?

तुझा फोन आला. "आत्या, तू माझ्या हाताने माझ्याच विरुद्ध सही केलीस." आणि मग त्या कुंदनचं सांगितलंस. चार वर्षं मी त्याला तुझ्या खोलीवरचा मुलगा समजत होते, दिवाळीला त्याच्यासाठीही चिवडा पाठवत होते. त्यावर मी जे बोलले ते बोलले. माणूस रागात बोलतो. ते शेवटचं वाक्य तेवढं सोडून दे.

तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. सावळीराम दिंडोरीला बागेच्या छाटणीत गुंतलाय, त्याला मान वर करायला सवड नाही. दहा वर्षांचा असताना तुला माझ्या दारात सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, "अक्का, आता हे तुझंच." तेव्हापासून तू माझाच आहेस. फोन सुरू कर.

आत्या

चिरंजीव. घे, लिहिलं. राग गेलेला नाही.


२१ जून २०२३

शेखर,

कालचं जाड पाकीट उघडू नकोस. उघडलं असशील तर आतला फोटो आणि पत्रिका फाडून टाक.

मुलगी चांगली आहे, बी.फार्म. झालेली, शेजारच्या ललिताच्या नात्यातली. मला वाटलं एकदा मार्गी लागलं की सगळं आपोआप सरळ होईल. पाकीट पेटीत टाकून घरी आले, कुकर लावला आणि तिसरी शिट्टी झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कुणाच्या तरी लेकीला विहिरीत ढकलायला निघालोय. गॅस बंद करून रिक्षाने परत गेले. पोस्टातल्या माणसाला म्हटलं, पेटी उघडा, माझं पत्र परत द्या. तो म्हणाला, "मावशी, टाकलेलं पत्र आता सरकारचं." अर्धा तास भांडले. चार माणसं जमली. दिलं नाही मेल्याने.

ललिताला सांगितलंय की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. ती रुसली आहे. रुसू दे.

आत्या


१८ ऑक्टोबर २०२३
नवरात्राची चौथी माळ

शेखर बाळा,

काल निकाल लागला. तुला कळलंच असेल. लग्नाला मान्यता आम्ही देऊ शकत नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा, असं कोर्टाने म्हटलं.

संध्याकाळी पक्षाच्या ऑफिसात पेढे वाटले. किशोरभाऊ आता शहराचा उपाध्यक्ष आहे. कॉलेजात असताना त्याला पक्षात आणला मीच. तो स्वतः खोका घेऊन फिरत होता. "आत्या, पहिला पेढा तुमचा! चारशे बारा सह्या आहेत तुमच्या!" माझा हात काही पुढे होईना. उपास आहे म्हणावं तर पेढा उपासाला चालतो. मी म्हटलं, साखर वाढलीय. तर मीनावहिनी लगेच, "अगं, मागच्या आठवड्यात तर बरी आली होती ना!" आमच्या महिला आघाडीत सगळ्यांना सगळ्यांचे रिपोर्ट पाठ. शेवटी पेढा रुमालात बांधून घेतला आणि कॉलनीच्या फाटकापाशी गाय उभी होती, तिला दिला.

घरी येऊन देवापुढे बसले. माळ घातली, दिव्यात तेल घातलं, पण आरती तोंडातून येईना. सहा महिने मी स्वतःला सांगतेय की मी रागात बोलले. रागात नव्हते. विचार करून, तुला सगळ्यात जास्त कुठे लागेल ते शोधून बोलले. "बरं झालं, तुझी आई हे बघायला नाही." हेच ते वाक्य. पहिल्या पत्रात मी ते सोडून दे म्हटलं आणि स्वतः लिहिलंही नाही. आज लिहिते.

तुझी आई माझी भावजय. तिच्या शेवटच्या दुखण्यात चार महिने मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते. तिने मला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? "वन्सं, पोरगं हळवं आहे, त्याच्यावर ओरडू नका." मी कधी ओरडले नाही. त्यापेक्षा वाईट केलं.

माफ कर, असं मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. एक्स्चेंजमधल्या साहेबालाही नाही, नोकरीवर बेतलं होतं तरी नाही. तुला लिहिते. माफ कर रे.

आत्या


१७ नोव्हेंबर २०२३

शेखर,

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, नाहीतर नंतर म्हणशील लपवलं. भाऊबीजेला मला कुंदनचा फोन आला.

सावळीरामला ओवाळून, जेवू घालून नुकता वाटेला लावला होता. अनोळखी नंबर. "आत्या, मी कुंदन बोलतोय." मी ठेवूनच देणार होते. तो घाईने म्हणाला, "ठेवू नका, तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं विचारायचं शे." त्याचं औषधांचं दुकान आहे म्हणे. माझी सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, सगळं त्याला ठाऊक! म्हणजे तू घरात माझ्याबद्दल बोलतोस. मी खुर्ची पुढे ओढली.

सटाण्याचा आहे हे त्या अहिराणी "शे"वरूनच कळलं. मी आवाज कडक ठेवून चौकशी केली. घरी डाळिंब, दोन बहिणी, वडील नाहीत. एकादशी करतो. चैत्रात सप्तशृंगीला पायी जातो. तू तर गणपतीच्या आरतीला टाळ हातात घेऊन मोबाइल बघायचास! मग म्हणाला, "आत्या, मी मत तुमच्याच पक्षाला देतो. शेखर त्यावरून दर निवडणुकीला आठ आठ दिवस अबोला धरतो."

मी म्हटलं, "अरे, आमच्या पक्षाने तुमच्याविरुद्ध सह्या गोळा केल्यात. मीच केल्यात."

"माहीत आहे ना," तो म्हणाला. "पण आमच्याकडे आजोबांपासून तोच पक्ष. मला त्यांचं बाकी सगळं पटतं. एवढं एक पटत नाही. शेखर म्हणतो, हे एकच पुरेसं आहे. त्याचंही बरोबर आहे, आत्या."

खरं सांगू, मला हसायला आलं. चाळीस वर्षं मी ऐकत आले की ही फॅशन आहे, परदेशातून आलेलं खूळ आहे. आणि हा सटाण्याचा मुलगा मला विचारतोय, कार्तिकीला साबुदाणा करू की भगर? तुमच्या घरात राजकारणावरून भांडणं होतात आणि आठ दिवस अबोला असतो, म्हणजे रीतसर संसार चाललाय की तुमचा.

गोळ्यांचं पार्सल काल आलं. पैसे घेत नाही म्हणतो. त्याला सांग, आत्या फुकट काही घेत नाही. चिवडा पाठवतेय, तुमच्या दोघांसाठी.

आत्या


२८ जानेवारी २०२४

शेखर बाळा,

मी एक काम केलं ते सांगते. शाबासकीसाठी नाही. बरं, थोडी शाबासकीसाठी.

संक्रांत झाल्यावर किशोरभाऊकडे गेले आणि कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'निवेदनातील अकराव्या ओळीतली सही माझा भाचा शेखर याची नसून मी, वत्सला, हिने त्याला न विचारता केली आहे. ती रद्द धरावी.' त्याने वाचलं आणि हसला. "आत्या, निवेदन जाऊन वर्ष होत आलं. कोर्टाचा निकाल लागला. आता एक सही कुठे शोधू?"

मी म्हटलं, "शोधू नकोस. माझा कागद वर पाठव आणि पोच दे."

तेव्हा त्याचं हसू गेलं. "तुम्ही असं लिहून दिलंत तर बाकीच्या सह्याही खोट्या म्हणतील ना लोक."

मी म्हटलं, "म्हणू देत. आहेत का खऱ्या, ते मी बघून येते."

आणि निघाले. तेच पान, तीच अठ्ठावन्न नावं. पाच दिवस फिरले. प्रत्येक दारात विचारलं, ही सही तुमचीच का, आणि कशावर केलीत ते माहीत होतं का? काय सांगू तुला! नवऱ्याने बायकोची केलेली, सासूने सुनेची, एका घरात तर पाच सह्या एकट्या आजोबांच्या. अठ्ठावन्नात एकतीस दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या. सगळे म्हणतात, "ताई, तुम्ही दारात आल्या, आम्ही केली." म्हणजे दोष कुणाचा, सांग. कोपऱ्यावरच्या धोंडाबाई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी अंगठा दिला होता. मला म्हणाल्या, "ते पाण्याचं होतं ना गं? पाणी तर अजून तसंच येतंय." त्यांना खरं काय ते सांगायला मला अर्धा तास लागला. ऐकून म्हणाल्या, "दोन बाप्ये एका घरात ऱ्हातात, त्यात सरकारचं काय जातं?" आणि मला गूळपोळी दिली.

तेजस्विनी आठवते का? पलीकडच्या इमारतीतली, तू तिला सायकल शिकवली होतीस. आता एम.एस्सी. करते. तिची सही तिच्या वडिलांनी केली होती. ते आत शर्ट घालत होते, तेवढ्यात ती दारात आली आणि इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "काकू, माझी खोडा. माझी नक्की खोडा." डोळे भरलेले. मी काही विचारलं नाही. तिच्यासमोर पेनाने रेघ मारली, दोनदा. ती पोर गेल्या एप्रिलपासून त्या कागदासकट जगत होती आणि मी तिच्या घरी जाऊन पोहे खाऊन आले होते.

एकतीस नावांची यादी जोडून दुसरा कागद दिला. पोच घेतली.

माझा गुडघा फार दुखतो आहे, म्हणून प्रभागाचं अध्यक्षपद सोडलं. मीनावहिनी बघतेय आता. बरंच झालं, जरा आराम.

आत्या


२ मे २०२४

शेखर,

तुझं पत्र आलं. वर्षाने आलं आणि सहा ओळींचं, पण आलं. पोस्टमनला मी सरबत पाजलं.

आधी तुझ्या कुंदनचा चोंबडेपणा. त्याला मी विश्वासाने सांगितलं होतं, त्याने तुला सांगितलं. हो, गुडघ्याचं खोटं होतं. अध्यक्षपदावरून काढलं मला. मीटिंग घेऊन, मी समोर बसलेली असताना. किशोरभाऊ खाली बघून बोलत होता. पानही काढून घेतलं. त्या संध्याकाळी घरी आले आणि कोणत्या दारात जाऊ ते कळेना. लोकसभेची एवढी धामधूम चालू आहे, बाहेर भोंगे वाजतायत आणि मी घरात बसून लसूण सोलतेय. फार लागलं, शेखर. तुला खोटं सांगून उपयोग नाही.

आता तुझं म्हणणं. तू लिहितोस, 'आत्या, माफी पोचली. पण ज्या पक्षाने मला माणूस धरलं नाही त्या पक्षात तू आहेस तोवर मी त्या घरात कसा येऊ? तू सोड, मी येतो.'

नाही सोडणार.

कागद फेकू नकोस, पुढे वाच. तुझे काका, माझे यजमान, गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. तेरा दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही, डबे या बायकांनी आणले. मीनावहिनी महिनाभर माझ्या सोबतीला येत होती. आज तीच माझ्या खुर्चीत बसली आणि माझ्याकडे बघत नाही, तरी ती माझी आहे. आणि मी जुन्या वळणाची बाई आहे, बाळा, तुझ्यासाठी मी नवी होणार नाही. मला देवघर लागतं, सणवार लागतात. माणसाने घर करावं, एकमेकांची आजारपणं काढावीत, म्हातारपणी एकटं पडू नये, हेच मी तीस वर्षं हळदीकुंकवाच्या भाषणात सांगत आले. तू आणि कुंदन वेगळं काय मागताय? लग्न नको, बंधन नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण होतं. तुम्ही तर बंधन द्या म्हणून कोर्टाच्या दारात उभे आहात, आणि माझेच लोक म्हणतात, यांना देऊ नका. त्यांचं चुकतंय. साफ चुकतंय. हे मी मीटिंगमध्ये उभं राहून बोलले, म्हणून तर पद गेलं.

पण चुकलं म्हणून माणसं सोडायची असती तर सातवीत शाळा बुडवून तू देवळालीला तोफा बघायला गेलास तेव्हाच तुला सोडलं असतं. मी आतच बसणार आणि त्यांचं डोकं खाणार. आणि तुलाही सोडणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस. माझ्याकडून मी दोघांपैकी कुणालाच सोडलेलं नाही.

तू म्हणशील, आत्या, हे दोन्हीकडून गोड राहणं झालं. गोड कुठे रे, दोन्हीकडून मार खाते आहे.

लसूण सोलून झाला. फोन सुरू केलास तर उपकार होतील.

तुझी हट्टी आत्या


१२ मे २०२६

चिरंजीव शेखर आणि चिरंजीव कुंदन,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. दोन वर्षं दर रविवारी बोलतो आपण. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, तिकडे गरम होतंय का. तेवढ्यावरही मी आठवडा काढते. पण तू घरी आलेला नाहीस, शेखर. तीन वर्षं झाली. मी सदुसष्ट पूर्ण केली. म्हणून हे कागदावर.

सतरा तारखेपासून अधिक महिना लागतोय. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे तुला ठाऊक आहे. मला मूलबाळ नाही, जावई कुठून येणार? आजवर ही हौस राहिलीच. आता माझ्या डोक्यात आलंय की या वर्षी द्यायचं. खूप विचार केला. कुंदनला जावई म्हणायचं की सून? सून म्हटलं तर ओटी भरावी लागेल, ते त्याला शोभायचं नाही. गुरुजींना विचारलं नाही, उगाच त्यांना कशाला पेचात टाका. शेवटी कुंदनलाच विचारलं. तो म्हणाला, "अनारसे मिळणार असतील तर जावई." ठरलं.

सात जून, रविवार. आघाडीच्या सत्तावीस बायकांना बोलावलंय. कशासाठी ते प्रत्येकीला तोंडावर सांगून. न सांगता सही घेतली तशी न सांगता कुणाला जेवायला बोलवायचं नाही मला. काहींनी दार लावून घेतलं. मीनावहिनी म्हणाली, "बघते." कुणीच आलं नाही तर आपण तिघं मिळून तेहतीस खाऊ. माझी साखर गेली खड्ड्यात.

तुझ्या बाबांचं. तूच म्हणालास, आत्या, तू सांग, माझ्याने होत नाही. सांगितलं. फेब्रुवारीत मळ्यात गेले होते, द्राक्षं उतरवणं चाललं होतं. तो ऐकत होता आणि कात्री चालवत होता. तीन क्रेट भरले. मग म्हणाला, "सटाण्याचा, मंजे बागायतदार का?" मी म्हटलं, डाळिंब आहे. तो म्हणाला, "तेल्या रोगानं गेलं आसंल समदं." आणखी एक क्रेट भरला. मग म्हणाला, "माझ्यानं नाय व्हायचं, अक्का. तू कर काय करायचं ते. मला बोलवू नको." वाणाचं कळवलं तेव्हाही तेच. म्हणून त्याची वाट बघू नकोस. तुला उगाच आशेवर ठेवणार नाही.

माझं एकच मागणं आहे. तू अजून रागात असलास तर रागात ये. पण ये.

आत्या


९ जून २०२६

शेखर बाळा,

काल तुम्ही गेलात आणि घर कसं सुनं झालं. कुंदनने ओटा इतका चकचकीत पुसून ठेवलाय की मला स्वयंपाक करावासा वाटेना. वाटेत खाल्लेत का अनारसे? पहिला घाणा हसला होता ना, ते तुटके मी माझ्यासाठी ठेवले होते, तेही तू डब्यात घालून नेलेस. लबाड.

तू आलास तेव्हा दारातच म्हणालास, "आत्या, मी अजून तुझ्या पक्षाच्या विरोधात आहे." मी म्हटलं, "चप्पल काढून विरोधात राहा." तुला हसू आलं आणि मला रडू आलं, आणि तुला माझ्या मिठीत घ्यायला माझे हात पुरेनात. तू जाड झालायस. कुंदन जेवायला बरं घालतो.

सत्तावीसपैकी आठ आल्या. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. मीनावहिनी आली, भिंतीला टेकून बसली, "मला पटलेलं नाही हं वत्सले, तू बोलावलंस म्हणून आले," म्हणाली, आणि कुंदनच्या ताटात दोनदा तूप वाढलं. तेजस्विनी सगळा वेळ तुमच्या दोघांकडे बघत होती. धोंडाबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं होतं.

वाण दिलं, कुंदन सगळ्यांत थोरल्या म्हणून धोंडाबाईंच्या पायाशी वाकायला गेला, आणि तू बाजूला उभा राहिलास, खिशात हात घालून. तेव्हा त्या कशा खेकसल्या! "आरं, एकटा काय वाकतो? जोडीनं पडा पाया! काय रीतभात हाय का नाय तुमाला?" शेखर, तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. आणि तू खिशातून हात काढलास, कुंदनच्या शेजारी गुडघे टेकलेस, आणि दोघं वाकलात. धोंडाबाईंनी दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. "सुखानं नांदा," म्हणाल्या. मीनावहिनीने डोळे पुसले आणि मसाल्याचा ठसका लागला म्हणून सांगितलं. गोडाच्या जेवणात कुठला मसाला?

एवढं सगळं तू बघितलंस. आता जे बघितलं नाहीस त्यासाठी हे पत्र. तुमची गडबड चालली असताना मी जिन्याने धावत खाली गेले होते, आठवतं? तू विचारलंस, कुठे गेली होतीस, आणि मी म्हटलं, कोथिंबीर आणायला. जेवणं झाल्यावर कोथिंबीर! खाली सावळीराम मोटारसायकलला किक मारत होता. अंगावर धुतलेला सदरा, डोक्यावर लग्नकार्यातली टोपी. दिंडोरीहून तसाच आलेला. वर चल म्हटलं, तर नाही म्हणाला. हात धरला, तर म्हणाला, "आजच्याला एवढंच जमलं, अक्का. त्याला फोन करून सांगू नको." मी शपथेवर कबूल केलं की फोन करून सांगणार नाही. पत्राचं तो काही बोलला नाही.

तो दारात उभा होता, शेखर. उंबऱ्याच्या बाहेर, चपला पायात. बायकांची पाठ त्याच्याकडे होती, एकट्या माझंच तोंड दाराकडे होतं. धोंडाबाई तुमच्यावर खेकसल्या तेव्हा तो निघून जाईल असं मला वाटलं. गेला नाही. तुम्ही दोघं खाली वाकलात, आणि तुझ्या बापाने तिथूनच उजवा हात वर केला, आशीर्वादाला करतात तसा. धोंडाबाईंनी तुमच्या डोक्यावरचे हात काढून घेतले, तरी त्याने आपला हात खाली घेतला नव्हता. तुम्ही उठायला लागलात तेव्हा तो जिना उतरला.

आत्या